गाडी तुम्ही चालवणार, तर हिशोबही तुमच्याच किलोमीटरचा

प्रश्न : मी कराड तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. शाळा घरापासून 24 किलोमीटर. इतकी वर्षं स्कूटीने गेले, आता पाठ साथ देत नाही. घरात सासू-सासरे, यजमान आणि आठवीतली मुलगी. माहेर चिपळूणचं, महिन्यातून एकदा तरी कुंभार्ली घाट होतोच. रस्त्यावर येईपर्यंत दहा लाखांच्या वर जायचं नाही असं ठरलंय. मारुतीची स्विफ्ट आणि ह्युंदाईची एक्स्टर अशा दोन गाड्या पाहिल्या. भाऊ म्हणतो स्विफ्ट घे, अ‍ॅव्हरेज बघ. यजमानांना एक्स्टरचं सनरूफवालं मॉडेल आवडलंय. दीर म्हणतात, घाट आहे तर डिझेलच घ्या. तीन कोटेशनं पुढ्यात आहेत आणि कशाशी काय ताडून बघायचं तेच कळत नाही. चालवणार मीच आहे, पण मतं मात्र घरातल्या सगळ्यांची ठरलेली आहेत. काय करू?

उत्तर :

ताई, नमस्कार.

तुमच्या पत्रात सगळ्यात महत्त्वाचं वाक्य अगदी शेवटी आलंय. चालवणार तुम्ही आहात. मग तुलनेची सुरुवात कंपनीच्या माहितीपत्रकापासून करू नका, तुमच्या किलोमीटरपासून करा. जाऊन-येऊन 48 किलोमीटर, शाळेचे दिवस वर्षाला 220 धरले तर साडेदहा हजार. चिपळूणची एक फेरी दोनशेच्या आसपास, म्हणजे वर्षाचे चोवीसशे. तेरा हजार किलोमीटर धरून चला. हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहा. कुणीही काहीही सुचवलं तरी त्याला या तेरा हजारांवर बसवून बघायचं.

आता कोटेशन. तिन्ही कागदांवर तळाला लिहिलेली ‘ऑन रोड’ रक्कम तुम्ही एकमेकींशी ताडून बघताय, घोळ तिथेच होतोय. त्या रकमेत काही गोष्टी गाडीच्या आहेत, काही सरकारच्या आणि काही शोरूमच्या हौसेच्या. पेन घ्या आणि ओळीओळीने जा. एक्स-शोरूम किंमत, आरटीओचा कर, विमा, फास्टॅग एवढ्यावर बरोबरची खूण करा. ‘बेसिक अ‍ॅक्सेसरी किट’, ‘कोटिंग’, ‘हँडलिंग’, ‘एक्स्टेंडेड वॉरंटी’ असं जे जे असेल त्याला गोल करा. गोल केलेल्या प्रत्येक ओळीवर बोट ठेवून विचारायचं, “हे काढलं तर गाडी द्याल ना?” मॅट आणि मडफ्लॅप बाहेर बाजारात मिळतात. हँडलिंगचे पैसे कशाचे, ते लेखी मागा. बहुतेक ठिकाणी मागितल्यावर ती ओळ आपोआप गळते. वाढीव वॉरंटी मात्र सरसकट नाकारू नका. तुमचं रनिंग बरंच आहे, त्यामुळे ती घेण्यासारखी आहे. पण ती बहुधा मूळ वॉरंटी संपेपर्यंत केव्हाही घेता येते. आजच्या आज घ्यायची घाई नाही, फक्त मुदत विचारून ठेवा.

विम्याच्या ओळीवर जरा थांबा. नव्या गाडीला थर्ड पार्टी विमा तीन वर्षांचा घ्यावाच लागतो आणि त्याचा दर सरकारी अधिसूचनेने ठरलेला असतो, म्हणजे तो भाग कुठल्याही कंपनीकडे सारखाच. फरक पडतो तो गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या विम्यात आणि त्याला जोडलेल्या झिरो डेप (भाग बदलताना घसारा न कापता भरपाई), इंजिन प्रोटेक्शन (पाणी शिरून इंजिन बिघडलं तर भरपाई) वगैरे गोष्टींत. शोरूममधूनच विमा घेतला पाहिजे असं बंधन नाही. तीच आयडीव्ही (विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत), तीच जोडणी सांगून बाहेरून एक कोटेशन आणा आणि शोरूमवाल्यांसमोर ठेवा. पावसाळ्यात कोयनेच्या खोऱ्यात गाडी फिरणार असेल तर इंजिन प्रोटेक्शन आणि झिरो डेप दोन्ही ठेवा. तिथे काटकसर नको.

कराची ओळ तर घरातल्या सगळ्यांनी वाचावी अशी आहे. महाराष्ट्रात खासगी पेट्रोल गाडीवर दहा लाखांपर्यंत 11 टक्के, दहा ते वीस लाखांत 12 टक्के एकरकमी कर लागतो. डिझेलला हेच 13 आणि 14. सीएनजीला पूर्वी 7 टक्क्यांपासून सुरुवात होती, 1 जुलै 2025 पासून ती 8 झाली. आता बघा, यजमानांचं मन टॉप मॉडेलकडे ओढलं आणि एक्स-शोरूम किंमत 9 लाख 90 हजारांवरून 10 लाख 20 हजारांवर गेली, तर किमतीत वाढ तीस हजारांची. पण कर 1,08,900 वरून 1,22,400 वर जातो, कारण वरचा टक्का पूर्ण रकमेला लागतो. शिवाय दहा लाखांच्या वर गेलात की एक टक्का टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने आगाऊ घ्यायचा आयकर, लागतो. तो आयकर विवरणपत्र भरताना परत मिळतो, पण तोवर खिशातून गेलेला असतो. तुमची दहा लाखांची मर्यादा तर कर-विम्यासकट आहे, तेव्हा दहा लाखांची एक्स-शोरूम रेघ ओलांडणं सोडाच, तिच्या जवळ जाणंही तुमच्या बजेटला परवडणारं नाही, हे घरात एकदा स्पष्ट करून टाका.

आणखी एक, यूट्यूबवरच्या जुन्या व्हिडिओंतल्या किमती धरून वाद घालू नका. 22 सप्टेंबर 2025 पासून चार मीटरपर्यंत लांबीच्या आणि 1200 सीसीपर्यंतच्या पेट्रोल-सीएनजी गाड्यांवरचा जीएसटी 28 टक्के अधिक उपकर होता, तो 18 टक्के झाला. तुमच्या दोन्ही गाड्या त्यात बसतात. त्याआधीची कुठलीही तुलना आता कामाची नाही.

आता भावाचा मुद्दा, अ‍ॅव्हरेजचा. स्विफ्ट मॅन्युअल पेट्रोलचं कागदावरचं अ‍ॅव्हरेज 24.80, एक्स्टरचं 19.4. हे आकडे येतात कुठून, ते आधी समजून घ्या. पुण्याच्या एआरएआयसारख्या मान्यताप्राप्त संस्थेत गाडी रोलरवर चढवतात आणि ठरलेल्या वेगाच्या चढउताराने वीस मिनिटांच्या आत चाचणी संपते. वेग नव्वदच्या वर जात नाही, एसी बंद, समोरून वारा नाही, घाट नाही, मागे चार माणसं नाहीत. त्यामुळे तुम्हाला रस्त्यावर काय मिळेल ते हा आकडा सांगत नाही. पण सगळ्या गाड्यांना एकच परीक्षा असल्याने कोण पुढे, कोण मागे एवढं त्यातून नक्की कळतं. स्विफ्ट इथे पुढे आहे आणि रस्त्यावरही पुढेच राहील.

किती पुढे, हे रुपयांत बघू. रस्त्यावर स्विफ्टने 20 आणि एक्स्टरने साडेपंधरा दिलं असं धरा. पेट्रोल 105 रुपये धरा (भाव तुमच्या पंपाचा घाला). तेरा हजार किलोमीटरला स्विफ्टला 650 लिटर, एक्स्टरला सुमारे 839. फरक 189 लिटर, म्हणजे वर्षाला वीस हजारांच्या जरासा आत. महिन्याला साधारण साडेसोळाशे. भावाचं म्हणणं पोकळ नाही, हे मान्य करायला हवं.

इथे हिशोबाची एक खोच सांगतो. अ‍ॅव्हरेज ‘लिटरला किती किलोमीटर’ असं मोजलं की डोळा फसतो. पंधरावरून वीसला गेलात तर शंभर किलोमीटरला 6.67 ऐवजी 5 लिटर लागतं, बचत पावणेदोन लिटरच्या आसपास. विसावरून पंचविसाला गेलात तरी फरक पाचचाच, पण बचत एकाच लिटरची. म्हणून दोन गाड्या ताडताना नेहमी ‘शंभर किलोमीटरला किती लिटर’ असं उलटं करून बघा. कमी अ‍ॅव्हरेजच्या गाड्यांत एखाद-दोन किलोमीटरचा फरकही खिशाला जाणवतो. जास्त अ‍ॅव्हरेजच्या गाड्यांत तेवढ्याच फरकासाठी पन्नास हजार जास्त मोजणं वाया जातं.

माझे 20 आणि साडेपंधरा हे धरलेले आकडे आहेत. तुम्हाला खरे आकडे मिळवता येतील आणि ते मिळवाच. तालुक्यात शिक्षकांच्या गाड्या कमी नाहीत. ज्या सहकाऱ्याकडे हीच गाडी, हेच इंजिन आहे त्यांना विनंती करा : टाकी फुल करताना नोझल आपोआप बंद झालं की तिथेच थांबायचं, वरून टाकायचं नाही, ट्रिप मीटर शून्यावर आणायचा, आठवडाभर रोजच्यासारखं वापरायचं, पुन्हा त्याच पंपावर, शक्यतो त्याच नोझलवर फुल करायचं. झालेले किलोमीटर भागिले दुसऱ्या वेळी मावलेलं पेट्रोल. डॅशबोर्डवर दिसणारं अ‍ॅव्हरेज यापेक्षा बहुतेकदा थोडं जास्तच दाखवतं, त्यावर विसंबू नका. दोन-तीन वर्षांपूर्वी कुणी सांगितलेल्या अ‍ॅव्हरेजवरही नको, कारण आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि लिटरमागे इथेनॉलमधली ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी असते.

दिरांच्या डिझेलवर फार वेळ घालवायला नको. या किमतीत आणि या आकारात डिझेलचा पर्याय जवळपास उरलेलाच नाही. मारुतीने एप्रिल 2020 मध्ये धुराच्या प्रदूषणाचे बीएस-6 नियम आले तेव्हाच डिझेल बंद केलं. त्यात कर दोन टक्के जास्त. शिवाय बीएस-6 डिझेलच्या धुराड्यातल्या फिल्टरला अधूनमधून सलग, चांगल्या वेगाचा प्रवास लागतो, नाहीतर त्यात काजळी साठून दिवा लागतो. तुमच्या 24 किलोमीटरच्या गावरस्त्याच्या फेरीला ते सोयीचं नाही. वर्षाला पंचवीस हजार किलोमीटर फिरणारे असता तर गोष्ट निराळी होती.

ज्या पर्यायाचं नाव तुमच्या घरात कुणीच काढलेलं नाही, माझ्या मते उत्तर तिथे आहे. सीएनजी.

एक्स्टर सीएनजीचं कागदावरचं अ‍ॅव्हरेज किलोला 27.1. रस्त्यावर 22 धरू, भाव किलोला 93 धरू. तेरा हजार किलोमीटरला 591 किलो, म्हणजे सुमारे 55 हजार रुपये. तीच एक्स्टर पेट्रोलवर 88 हजार खाते. वर्षाला 33 हजारांची बचत. स्विफ्टचं पेट्रोलही 68 हजारांवर जातं, म्हणजे सीएनजीची एक्स्टर तिच्यापेक्षाही स्वस्त पडते. सीएनजीचं मॉडेल त्याच पेट्रोल मॉडेलपेक्षा समजा नव्वद हजारांनी महाग आहे, साडेसात लाखांऐवजी आठ लाख चाळीस हजार. पण कर बघा : साडेसात लाखांवर 11 टक्क्यांनी 82,500 आणि आठ लाख चाळीसवर 8 टक्क्यांनी 67,200. पंधरा हजार तीनशे रुपये तिथेच वाचले. खरा फरक पंचाहत्तर हजारांच्या आत आला आणि तो सव्वादोन-अडीच वर्षांत फिटतो. हे गणित कोटेशनच्या तळाच्या आकड्यात दिसत नाही, म्हणून मी ते इतकं उलगडून सांगितलं.

पण सीएनजीत अडचणी नाहीत असं सांगून मी तुमची दिशाभूल करणार नाही. पहिली अडचण घाटाची. एक्स्टरचं इंजिन पेट्रोलवर 83 पीएस ताकद देतं, सीएनजीवर 69. पाच माणसं, एसी चालू आणि कुंभार्लीची वळणं म्हटल्यावर गाडी ओढताना जाणवेल. उपाय सोपा आहे : घाटाच्या पायथ्याला बटण दाबून पेट्रोलवर घ्या, वर पोहोचलात की परत गॅसवर. महिन्यातून एकदाच्या घाटाला पाच-सहा लिटर पेट्रोल जास्त गेलं तर बिघडलं नाही. दुसरी अडचण डिकीची. एक मोठी टाकी असली की सामानाची जागा जवळपास संपते. एक्स्टरमध्ये 2024 पासून दोन छोट्या टाक्या खाली बसवलेलं मॉडेल मिळतं, त्यात बॅगा राहतात. तेच बघा, आणि स्टेपनी कुठे ठेवलीय तेही विचारा. तिसरी अडचण सगळ्यात मोठी, पंपाची. तुमच्या रोजच्या वाटेवर पंप कुठे आहे, तिथे शाळा सुटायच्या वेळी रांग किती असते आणि प्रेशर असतं का, हे शोरूमवाल्याला विचारू नका. आठवड्यातले दोन-तीन दिवस स्वतः त्या वेळेला तिथे जाऊन उभ्या राहा. रोज अर्धा तास रांगेत जाणार असेल तर 33 हजारांची बचत तुमच्या पाठीला महाग पडेल आणि मग पेट्रोलच बरं. गॅसच्या टाकीची दर तीन वर्षांनी चाचणी करून घ्यावी लागते, तेवढं लक्षात असू द्या.

सोयीसुविधांबाबत माझं मत ठाम आहे. ज्या गोष्टी नंतर बसवता येत नाहीत त्यांनाच पैसे द्या. म्युझिक सिस्टिम, सीट कव्हर, रिव्हर्स कॅमेरा हे सगळं बाजारात बसवून मिळतं. एअरबॅग, गाडी घसरताना सावरणारी ईएससी, मागच्या मधल्या माणसालाही तीन बिंदूंचा पट्टा, हे कारखान्यातूनच यावं लागतं. सहा एअरबॅग या दोन्ही गाड्यांत खालच्या मॉडेलपासून आहेत, तिथे खालचं मॉडेल घेतलं म्हणून कमीपणा नाही. बाकीच्यांची यादी मॉडेलनुसार तपासा, सेल्समनच्या तोंडी नको, छापील कागदावर. तुमच्यासाठी मी आणखी दोन गोष्टी जोडेन. मागच्या काचेचा वायपर आणि डीफॉगर, कारण पाटणच्या पुढे जुलैमध्ये मागची काच पांढरीधोप होते आणि मागून येणारा ट्रक दिसत नाही. आणि ड्रायव्हरची सीट वर-खाली होणारी. रोज दीड तास त्या सीटवर तुम्ही बसणार आहात. बॉनेटचं टोक दिसायला मान ताणावी लागली तर पाठीसाठी गाडी घेतली त्याचा उपयोग काय?

सनरूफबद्दल यजमानांशी भांडू नका, फक्त त्या मॉडेलचा आणि त्याखालच्या मॉडेलचा फरक त्यांच्यासमोर ठेवा आणि त्या पैशांत काय काय येतं ते लिहून दाखवा. एप्रिल-मेच्या उन्हात कराडात ते किती वेळा उघडाल, हेही एकदा मनमोकळं बोला. मुलीला ते आवडेल हे खरं आहे, आणि हौसेला घरात जागा असावीच. पण वायपर आणि सीट आधी.

सासूबाईंचा विचार करून एक्स्टरकडे माझा कल जास्त आहे. स्विफ्टची उंची 1520 मिलिमीटर, एक्स्टरची 1631. वयस्क माणसाला गाडीत खाली उतरून बसायला लागणं आणि सरळ मागे टेकून बसता येणं यात फार अंतर आहे. गाव-रस्त्याच्या खड्ड्यांना जमिनीपासूनची उंची 185 मिलिमीटर विरुद्ध 163 हाही फरक कामाचा. पण हे माझं कागदावरचं मत. सासूबाईंना शोरूममध्ये घेऊन जा, दोन्ही गाड्यांत मागे बसवा, उतरवा, पुन्हा बसवा. चाचणीची फेरी शोरूमच्या समोरच्या हायवेवर घेऊ नका. गाडी तुमच्या शाळेच्या रस्त्यावर मागा, घरचे चौघं बसवा, एसी लावा आणि एखाद्या चढावर मुद्दाम थांबून पुन्हा निघून बघा. नाही म्हणाले तर दुसऱ्या शोरूममध्ये मिळते का ते बघा.

कर्जाचा एकच मुद्दा. ‘साडेसहा टक्के फ्लॅट’ (व्याज शेवटपर्यंत पूर्ण कर्जावर) आणि ‘नऊ टक्के रिड्यूसिंग’ (व्याज फक्त उरलेल्या कर्जावर) यात साडेसहा स्वस्त वाटतात. सहा लाख पाच वर्षांसाठी घेतले तर फ्लॅटचा हप्ता 13,250 येतो, रिड्यूसिंगचा साधारण 12,455. टक्का विचारूच नका, हप्ता आणि हप्त्यांची संख्या विचारा, गुणाकार करा. शिक्षक पतसंस्थेचा आणि पगार जमा होतो त्या बँकेचा हप्ताही शेजारी मांडा. सरकारी कर्मचाऱ्यांना कंपन्या वेगळी सवलत देतात, ओळखपत्र दाखवून ती मागा. आपणहून कुणी सांगेलच असं नाही.

तेव्हा माझं उत्तर : पंपाची परीक्षा पास झाली तर दोन टाक्यांची एक्स्टर सीएनजी, ज्या मॉडेलमध्ये मागचा वायपर आणि उंची बदलणारी सीट येते ते. पंप नापास झाला तर दोन्ही गाड्यांची पेट्रोल मॉडेलं, आणि मग सासूबाईंचे गुडघे महिन्याच्या साडेसोळाशेपेक्षा मोठे की लहान, हे घरात बसून ठरवा. माझ्या हिशोबी मोठे आहेत.

पाडव्याचा किंवा दसऱ्याचा मुहूर्त साधायचा असेल तर बुकिंग आधी करा, पण पैसे पूर्ण भरण्यापूर्वी आणि गाडी पासिंगला जाण्यापूर्वी दिवसाउजेडी यार्डात जाऊन तुमच्या चेसिस नंबरची गाडी बघा. बनावटीचा महिना आणि वर्ष कोणतं, मीटरवर किती किलोमीटर आहेत, काचांवरचे आणि टायरवरचे बनावटीचे आकडे एकमेकांशी जुळतात का, दारांच्या फटी दोन्ही बाजूंनी सारख्या आहेत का. वर्ष मागचं निघालं तर तशी सूट लेखी घ्या किंवा दुसरी गाडी मागा. एकदा नंबर पडला की त्या गाडीत बदल मागता येत नाही.